रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बदलावं का? प्रश्न १४० जुन्या प्रोजेक्टांचा आहे

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याजवळच्या गावात घरातल्याच एका खोलीत स्टुडिओ आहे, विंडोजचा संगणक आणि आठ इनपुटचा इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारं यंत्र. कामं म्हणजे भजनी मंडळं, कीर्तनं, शाळांची गीतं, मधूनच एखादं ऑडिओबुक. सॉफ्टवेअर केकवॉक: आधी सोनार, मग २०१८ पासून मोफत मिळायला लागलं ते. त्यात १४० प्रोजेक्ट साठलेत. आता त्या मोफत आवृत्तीचं काम थांबलंय. मित्र म्हणतो क्युबेस घे, मुंबईचे लोक प्रो टूल्सखाली बोलत नाहीत, आणि यूट्यूबवर जो तो रीपरचं कौतुक करतोय. शिवाय रेकॉर्डिंगमध्ये अधूनमधून चटचट आवाज येतो, आणि बुवा तक्रार करतात की हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो. बदलावं का, आणि बदलायचं तर कशावर जावं?

चटचट आणि उशीर या दोन गोष्टी आधी बाजूला काढतो, कारण त्यांचा या निर्णयाशी संबंध नाही. माझ्याकडे सॉफ्टवेअर बदलायचा सल्ला मागायला येणाऱ्यांपैकी बरेच जण खरं तर या दोन त्रासांना कंटाळून आलेले असतात. नवं सॉफ्टवेअर घेतात, आठवडाभर खूष असतात, मग तीच चटचट परत सुरू होते.

हिशोब सोपा आहे. बफर म्हणजे संगणक आवाजाचे किती तुकडे (सॅम्पल) साठवून मग पुढे पाठवतो तो आकडा. सेकंदाला ४८ हजार तुकडे, म्हणजे ४८ हजारांच्या सॅम्पल रेटला, बफर १२८ ठेवला तर एका दिशेला साधारण २.७ मिलिसेकंद जातात, ५१२ ठेवला तर १०.७. आवाज आत येतो आणि परत बाहेर जातो, म्हणजे दुप्पट, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा. बफर मोठा केला की बुवांना उशीर जाणवतो, लहान केला की संगणकाची दमछाक होऊन चटचट येते. क्युबेस घ्या नाहीतर रीपर, हे गणित बदलत नाही. तुमच्या इंटरफेसबरोबर त्याचा स्वतःचा छोटा मिक्सर येतो. तिथून बुवांचा माइक थेट हेडफोनमध्ये सोडा, सॉफ्टवेअरमधलं इनपुट मॉनिटरिंग बंद करा आणि बफर निवांत ५१२ वर ठेवा. बुवांना रिव्हर्ब हवाच असतो, तो सॉफ्टवेअरमधून वेगळा पाठवा. रिव्हर्ब वीस मिलिसेकंद उशिरा आला म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. तरी चटचट राहिलीच तर इंटरफेसचं मूळ असिओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि संगणक यांना जोडणारं सॉफ्टवेअर) लावलंय का पाहा, यूएसबी हबमधून जोडला असेल तर काढून थेट मागच्या पोर्टला लावा, विंडोजचं पॉवर सेटिंग पूर्ण क्षमतेवर ठेवा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद करा.

आणखी एक पाहा. मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, लिमिटर किंवा लिनियर फेज इक्वलायझर चालू ठेवून तुम्ही रेकॉर्ड करताय का? हे प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारी जोड-साधनं, पुढचा आवाज आधी बघून घेतात, म्हणून सगळंच मागे ढकलतात. बुवांचा अर्धा उशीर तिथेच सापडेल, असा माझा अंदाज आहे.

‘अमक्या सॉफ्टवेअरचा आवाज जास्त गोड’ हेही इथेच निकालात काढू. तेच सहा ट्रॅक दोन सॉफ्टवेअरमध्ये टाका, फेडर शून्यावर ठेवा, एकही प्लगइन लावू नका, दोन्हीकडून मिक्स काढा. मग एकाचा फेज, म्हणजे आवाजाची लाट, उलटा करून दोन्ही एकावर एक वाजवा. शांतता ऐकू येईल. नाही आली, तर बहुतेक वेळा कारण पॅन लॉ असतं: आवाज बरोबर मध्यभागी असताना काही सॉफ्टवेअर तो ३ डेसिबलनं कमी करतात, काही करत नाहीत. त्या तीन डेसिबलवर लोकांनी आयुष्यभराच्या निष्ठा ठरवलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता खरं कारण. ते तुमच्याकडे आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

केकवॉक १९८७ साली डॉसवर चालणारं मिडी (म्हणजे आवाज नव्हे, कोणता सूर कधी वाजवायचा याची नोंद) सॉफ्टवेअर म्हणून आलं. पुढे त्याचं सोनार झालं. २०१३ मध्ये ते गिब्सननं घेतलं, हो, गिटारवाली गिब्सन. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सननं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी आयुष्यभराच्या अपडेटचे पैसे भरले होते, त्यांना तेव्हा कळलं की आयुष्य कोणाचं धरलं होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबनं ते विकत घेतलं आणि एप्रिलमध्ये मोफत करून टाकलं. जून २०२३ मध्ये त्या मोफत आवृत्तीच्या जागी नवं सोनार येणार असं जाहीर झालं, आणि त्या नव्या सोनारची काही सोयी वगळलेली मोफत पातळी २०२५ मध्ये आली.

तुमच्याकडच्या मोफत आवृत्तीत एक गोम आहे. तिचं अ‍ॅक्टिव्हेशन अधूनमधून इंटरनेटवरून ताजं करावं लागतं. ते संपलं की प्रोजेक्ट उघडतो, वाजतो, पण सेव्ह होत नाही आणि एक्सपोर्टही होत नाही. दुकान उघडं, माल दिसतोय, गल्ला मात्र बंद. म्हणजे बदलावं का हा विचार तुम्ही सहा महिने केलात तरी चालेल. जुन्या प्रोजेक्टमधून आवाज बाहेर काढण्याचं काम मात्र सहा महिने थांबणारं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

हे फक्त केकवॉकचं दुखणं आहे असं समजू नका. २००२ मध्ये अ‍ॅपलनं लॉजिक हे सॉफ्टवेअर बनवणारी एमॅजिक कंपनी विकत घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद झाली. २०१६ च्या शेवटी क्युबेस ९ आलं आणि त्यात ३२ बिटचे जुने प्लगइन चालेनासे झाले. क्युबेसचं लायसन्स कित्येक वर्षं यूएसबीच्या डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या किल्लीवर, असायचं, ते २०२२ मध्ये क्युबेस १२ पासून ऑनलाइन झालं. प्रो टूल्सला २०१० च्या नवव्या आवृत्तीपर्यंत ठरावीक हार्डवेअरच लागायचं. प्रत्येक सॉफ्टवेअर कधी ना कधी आपल्याच मागच्या दाराला कुलूप घालतं.

माझंच सांगतो. एका कीर्तनकारांचं रेकॉर्डिंग मी २००९ मध्ये केलं होतं. आठ वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला: कीर्तन ऑनलाइन टाकायचंय, पण टाळ जरा खाली करून द्या. प्रोजेक्ट उघडला. ट्रॅक होते, कापलेल्या जागा होत्या, पण आवाज करणाऱ्या प्लगइनच्या जागी फक्त रिकामे चौकोन. जुने ३२ बिटचे रिव्हर्ब आणि नॉइज काढणारं साधन नव्या संगणकावर उभंच राहीना. मग मूळ वेव्ह फाइल्स शोधायला गेलो, तर नावं ‘ऑडिओ ०१-२७’, ‘ऑडिओ ०१-२८’ अशी. पखवाज कोणता, टाळ कोणता, हे एकेक वाजवून ओळखत बसलो. टाळ खाली करायला दहा मिनिटं लागायला हवी होती, तीन रात्री गेल्या. आणि मुलगा म्हणाला, ‘काका, आधीच्यात बाबांचा आवाज जास्त भरीव होता.’ बरोबर होतं त्याचं. त्याआधीच्या काळातल्या आठ ट्रॅकच्या अडॅट कॅसेटा अजून माझ्या कपाटात आहेत. दिसायला त्या व्हिडिओच्या एस-व्हीएचएस, आत चांगली गाणी. वाजवणारं यंत्र नाही.

म्हणून कोणतं सॉफ्टवेअर जास्त चांगलं हा प्रश्न मी दुसरा धरतो. पहिला प्रश्न असा: हे काम दहा वर्षांनी परत उघडावं लागलं तर माझ्या हातात काय उरेल?

या कसोटीवर तुमच्यासमोरचे पर्याय घेऊ.

सगळ्यात कमी कष्टाचा पर्याय कोणी बोलून दाखवत नाही: नवं सोनार. ते तुमचे जुने प्रोजेक्ट उघडतं, प्रोचॅनलसकट, म्हणजे केकवॉकमध्ये प्रत्येक ट्रॅकला असलेल्या आवाज सुधारणाऱ्या साधनांसकट. हात तेच, शॉर्टकट तेच. उद्या सकाळी बसून काम सुरू करता येईल. ‘बदल’ म्हटलं की आपल्याला काहीतरी नवंकोरं हवं असतं, म्हणून ते डोळ्यांत भरत नाही. माझी अडचण एवढीच की या घराण्यानं आतापर्यंत मालक बरेच बदललेत. पाहुणा म्हणून राहायला उत्तम. सातबारा तिथे करावा का, याबद्दल मी साशंक आहे.

प्रो टूल्सबद्दल मुंबईचे लोक खोटं सांगत नाहीत. सिनेमाचं डबिंग आणि अंतिम मिक्सिंग जिथे चालतं, तिथे पूर्ण सेशन तुमच्याकडून तिकडे आणि तिकडून तुमच्याकडे येत असेल तर दुसरं काही घेऊन बसण्यात अर्थ नाही. पण तुमच्याकडून काय जातं? भजनी मंडळाला पेनड्राइव्हवर मिक्स, शाळेला संगीताचा ट्रॅक. मुंबईला एखादं गाणं गेलंच तर वेगवेगळे ट्रॅक वेव्हमध्ये काढून पाठवाल, आणि ते कशात काढलेत हे कोणी विचारणार नाही. प्रो टूल्सची मोफत आवृत्ती आठच ऑडिओ ट्रॅक देते. तुमचा इंटरफेसच आठ इनपुटचा आहे, म्हणजे पहिल्या टेकलाच घर भरलं, कोरसला जागा नाही. शिवाय ते फक्त एएएक्स जातीचे प्लगइन घेतं, तुमचे व्हीएसटी त्यात चालणार नाहीत. मोठ्या आवृत्तीला सहसा वर्षाचे पैसे भरत राहायचे. एका मंडळाकडून तुम्ही दिवसाचं काय घेता, हे मला माहीत आहे तेवढं तुम्हालाही माहीत आहे.

क्युबेस हे आपल्याकडच्या लोकांचं जुनं ओळखीचं नाव. १९८९ मध्ये ते अटारी संगणकावर आलं, व्हीएसटी प्लगइन आणि असिओ ड्रायव्हर या दोन्ही गोष्टी त्याच कंपनीनं, स्टाइनबर्गनं, नव्वदच्या दशकात दिल्या. २००५ पासून ती यामाहाकडे आहे. पुण्या-मुंबईतल्या किती तरी स्टुडिओंत क्युबेस आणि त्याचा मोठा भाऊ न्युएंडो यांवर पिढी घडली. त्यातल्या बऱ्याच प्रती कोणत्या सीडीवरून आल्या होत्या हे आता उगाळत नाही; माझीही पहिली तशीच होती. तुम्ही अरेंजमेंट करत असाल, की-बोर्डवर म्युझिक बसवत असाल, तर मी डोळे मिटून क्युबेस म्हटलं असतं. मिडीत त्याचा हात धरणारे थोडे. शिवाय तुमच्या मित्राकडे तेच आहे, आणि रात्री अकराला फोन करून ‘अरे हे कुठे असतं रे’ विचारता येणारा मित्र ही पन्नास सुविधांपेक्षा मोठी सुविधा आहे. हे मी थट्टेनं म्हणत नाही.

तरी तुमचं काम काय आहे ते पाहा. भजनाला क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारी ठरावीक लयीची टकटक, नसते. ध्रुवपद संथ, मग लय चढत जाते, गजराला पोहोचेपर्यंत दीडपट झालेली असते, आणि पखवाजवाल्यानं मध्येच एक चक्री टाकलेली असते जी कोणत्याही रेघेवर बसणार नाही. जाहिरातीत ज्या गोष्टी चमकतात, लूप, क्वांटाइझ, टेम्पोला चिकटणारा ऑडिओ, त्यांतल्या फार थोड्या तुमच्या उपयोगाच्या. आपोआप सूर लावणारी साधनंही जपून. पहिल्याच फटक्यात बुवांची मींड ती पायऱ्यांसारखी करून ठेवतात.

तुमचा वेळ जातो तो संपादनात. बुवा एक अभंग चार वेळा गातात. पहिल्या वेळी ध्रुवपद छान, तिसऱ्या वेळी दुसरं कडवं, चौथ्या वेळी शेवटची उठावणी. त्यांतून एक अभंग जुळवायचा. आणि इथे एक पेच आहे, जो शहरातल्या, प्रत्येक वाद्य वेगळ्या काचेच्या खोलीत घेणाऱ्या लोकांना कळत नाही. तुमच्याकडे सगळे एकाच खोलीत बसतात. बुवांच्या माइकमध्ये पखवाज आहे, पखवाजाच्या माइकमध्ये पेटी आहे, आणि टाळ सगळ्यांच्यात आहेत. तुम्ही फक्त बुवांचा ट्रॅक कापून तिसऱ्या टेकमधलं कडवं आणलंत, तर त्या माइकमधला तिसऱ्या टेकचा पखवाज पहिल्या टेकच्या पखवाजावर येऊन बसतो आणि दोन पखवाजवाले भांडतायत असं ऐकू येतं. म्हणून आठही ट्रॅक एका सुरीनं, एकाच ठिकाणी कापले गेले पाहिजेत, आणि जोडावरचे क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढतो ती जागा) आठहींचे एकदम सरकवता आले पाहिजेत. नवं सॉफ्टवेअर पारखताना मी सगळ्यात आधी हे एक काम करून बघतो. त्यात जे अडखळेल ते तुमच्या कामाचं नाही, नाव कितीही मोठं असो.

त्यानंतर बघतो ते साधं आहे. मधला खोकला कापला की पुढचं सगळं आपोआप मागे सरकतं का. एकाच शब्दाचा आवाज ऑटोमेशनची रेघ न काढता, क्लिप धरून कमी-जास्त करता येतो का. ऑडिओबुकला तर हे रोज लागतं. आणि एका बैठकीत बारा अभंग झाले, तर त्यांवर खुणा करून बारा वेगळ्या फाइल्स एका दमात, आपापल्या नावानं बाहेर पडतात का.

या सगळ्यांत रीपर चांगलं उतरतं, म्हणून तुमच्या बाबतीत माझं झुकतं माप त्याला आहे. विनॅम्प ज्यानं लिहिलं त्याच जस्टिन फ्रँकेलनं हे सुरू केलं. पहिली पूर्ण आवृत्ती २००६ ची. साठ दिवस सगळं उघडं ठेवून वापरायला देतात. नंतर व्यक्तीला किंवा छोट्या धंद्याला साठ डॉलर; वर्षाची कमाई वीस हजार डॉलरच्या वर गेली की दोनशे पंचवीस. ती मर्यादा ओलांडलीत तर मला जेवायला बोलवा. सातव्या आवृत्तीचं लायसन्स आठवी संपेपर्यंत चालतं. चालवायला मोठा संगणक लागत नाही.

पण मला ते आवडतं ते एका वेगळ्याच कारणासाठी. रीपरची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर आहे. नोटपॅडमध्ये उघडली तरी कोणती वेव्ह फाइल कोणत्या सेकंदाला सुरू होते ते वाचता येतं. रीपर स्वतःच पेनड्राइव्हवर बसवता येतं, म्हणजे प्रोजेक्टच्या शेजारी, त्याच डिस्कवर, ते ज्यात केलं ते सॉफ्टवेअरही ठेवता येतं. त्या कीर्तनकारांच्या तीन रात्री आठवल्या की याची किंमत मला साठ डॉलरपेक्षा जास्त वाटते.

खोट सांगायलाच हवी. दिसायला ते रुक्ष आहे. मेनूत शिरलात की लग्नाच्या मांडवात चप्पल शोधल्यासारखं होतं. सोबत वाद्यांचे आवाज येत नाहीत. आणि दोन सॉफ्टवेअरमध्ये जुन्या प्रोजेक्टची देवघेव करायला जी ओएमएफ जातीची फाइल लागते, ती केकवॉक काढून देतं पण रीपर स्वतः वाचत नाही. क्युबेस प्रो वाचतं. ओएमएफनं तरी काय येतं म्हणा: क्लिपा आणि त्यांच्या जागा. प्लगइन, प्रोचॅनल, तुमचा मिक्स काही येत नाही. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी डीएडब्ल्यूप्रोजेक्ट नावाचा देवघेवीचा खुला मार्ग काढलाय, क्युबेस १४ नं तो घेतलाही, पण तुमच्या १४० प्रोजेक्टांना त्याचा उपयोग नाही.

निर्णय घ्यायच्या आधी एक परीक्षा घ्या. नवं गाणं घेऊ नका. नव्या गाण्यावर सगळीच सॉफ्टवेअर छान वाटतात. जो अभंग तुम्ही केकवॉकमध्ये पूर्ण करून दिलाय, ज्याचा कंटाळा आलाय, त्याचे कच्चे ट्रॅक घ्या आणि पहिल्यापासून पुन्हा करा: टेक निवडणं, कापणं, मिक्स, फाइल बाहेर काढणं. कुठे अडलात ते शेजारी कागदावर लिहीत जा. मग प्रोजेक्ट बंद करा आणि आठ दिवस हात लावू नका. नवव्या दिवशी बुवांचा फोन आलाय असं समजा: दुसऱ्या कडव्यात पेटी जरा खाली घ्या, आणि शेवटचा गजर अर्धा करा. किती वेळ लागला? तो आकडा खरा. पहिल्या दिवशीचा उत्साह किंवा वैताग, दोन्ही सोडून द्या.

पहिले तीन आठवडे तुम्ही हळू व्हाल, हे धरून चला. बोटांना जुन्या जागा पाठ असतात. रीपरमध्ये शॉर्टकट हवे तसे बदलता येतात, म्हणून रोजचे दहा-पंधरा केकवॉकसारखे करून घ्या. सगळे करायला जाऊ नका, नाहीतर मदतीचा प्रत्येक व्हिडिओ तुम्हाला परका वाटेल. आणि चालू काम मध्येच नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊ नका. आषाढीच्या आधीच्या दोन महिन्यांत तर अजिबात नाही. आषाढी होऊन जाऊ दे, मग गणपतीच्या आरत्यांची धावपळ सुरू व्हायच्या आधी मधे थोडी फट मिळते, तेव्हा एखादं छोटं काम पहिल्यापासून नव्यात घ्या. जुनं जुन्यात संपवा.

आता ते १४० प्रोजेक्ट. हे काम निर्णयाची वाट न बघता या आठवड्यात सुरू करा. सगळे नव्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हलवायचे’ नाहीत. तो वेडेपणा मी करून बसलोय. फक्त आवाज सोडवून घ्यायचा. प्रत्येक प्रोजेक्टचा प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत एकसंध वेव्ह फाइल म्हणून काढा, ४८ हजार असेल तर ४८, २४ बिट. सगळ्या फाइल्स एकाच क्षणी सुरू झाल्या पाहिजेत, म्हणजे पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर टाकल्या की जुळतील. दोन संच: एक कोरा, प्लगइन बंद करून, पण कापलेलं-जोडलेलं तसंच ठेवून, दुसरा प्लगइनसकट, कारण तुमचा प्रोचॅनल बाहेर कुठेच उभा राहणार नाही. सोबत तेव्हा दिलेला अंतिम मिक्स, आणि एक साधी मजकुराची फाइल: गायक कोण, साथीला कोण, सूर काळी एक की पांढरी चार, तारीख, कोणता माइक कुठे. ट्रॅकना नावं द्या, आणि फाइलची नावं रोमन अक्षरांत ठेवा. मराठीच्या अभिमानाला यानं धक्का लागत नाही. जुन्या झिप फाइलमधून देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होऊन बाहेर आलेली मी पाहिली आहेत.

शाळांच्या गीतांकडे विशेष लक्ष द्या. त्यांत तुम्ही केकवॉकबरोबर येणाऱ्या टीटीएस-१ चे आवाज वापरले असणार, बासरी, तारा, ढोलकी-बिलकी. ते संगणकातलं वाद्य जुन्या डीएक्स जातीच्या प्लगइनचं आहे, क्युबेसमध्ये उघडणार नाही आणि रीपरमध्ये उघडेलच याची खात्री नाही. नुसती मिडी फाइल घेऊन गेलात तर सूर सोबत येतील, आवाज येणार नाहीत. ते सगळे ट्रॅक ऑडिओ करून घ्या. मिडीही वेगळी ठेवा, पुढे चांगली बासरी मिळाली तर लावता येईल.

जागेची भीती नको. एका मोनो ट्रॅकला या दर्जात मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी लागतात. बारा ट्रॅक, सात मिनिटांचा अभंग धरला तर प्रोजेक्टमागे सव्वासातशे एमबी, १४० चे शंभर जीबीच्या आसपास. दोन्ही संच धरले तरी दोनशे. दोन डिस्क घ्या, एक घरी, एक दुसऱ्या गावी भावाकडे किंवा मेहुण्याकडे.

सगळे १४० लागतीलच असं नाही. मंडळाच्या वर्धापनदिनाचं निवेदन कोणी परत मागणार नाही, ते अंतिम मिक्सवर सोडून द्या. माझ्या अंदाजानं चाळीस-पन्नास खरे महत्त्वाचे निघतील. रोज दोन काढलेत तर महिन्याभरात होतील, आणि गंमत म्हणजे तेवढ्यात तुमची साठ दिवसांची परीक्षाही निम्मी उरकलेली असेल.

तर: चटचट आणि उशीर आजच मिटवा, त्याला पैसे लागत नाहीत. नवं सोनार उतरवून ठेवा, जुन्याची किल्ली म्हणून, मुक्कामासाठी नव्हे. रीपर साठ दिवस वापरा. त्या आठ ट्रॅकच्या कापाकापीत हात बसला नाही, किंवा शाळांची गीतं हेच मुख्य काम होऊ लागलं, तर मित्राचं ऐका आणि क्युबेस घ्या. मला त्याचं वाईट वाटणार नाही. प्रो टूल्स मुंबईहून सेशन यायला लागल्यावर बघू.

आणि यादी करताना आधी ते प्रोजेक्ट काढा ज्यांतले गायक आता पुन्हा गाणार नाहीत. प्रत्येक खेडेगावच्या स्टुडिओत असे दोन-चार असतातच. त्यांचे सगळे टेक ठेवा, टाकून दिलेलेसुद्धा, मधलं बोलणं, सूर लावणं, पाणी मागणं, काही कापू नका. एक्सपोर्ट करताना मोनो ट्रॅक मोनोच निघतायत ना तेवढं बघा, स्टिरिओ निघाले तर डिस्क उगाच दुप्पट भरते.